नगर जिल्ह्यातली बेटं

पैठणचा अक्षांश साडेएकोणीस अंश उत्तर. नकाशावर याच रेषेवरून बोट पूर्वेकडे सरकवत नेली, तर ती प्रशांत महासागरातल्या हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर जाऊन पोचते. लग्नानंतर आयुष्यात एकदा तरी जिथे जावं असं जगभरच्या जोडप्यांना वाटतं ते बेट आणि पैठणच्या धरणामागे गोदावरीवर पसरलेला आपला नाथसागर एकाच उष्ण कटिबंधात, जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. नाथसागरातही बेटं आहेत. धरण भरलेलं असलं की तीसेक भरतात. त्यातली काही शेवगाव आणि नेवासे तालुक्यांच्या अंगाला, म्हणजे नगर जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर आहेत. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येतं, म्हणून इथेही तेच लिहिते.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नसराई सुरू होते आणि तिच्या मागोमाग अंदमान, मालदीव, बाली यांच्या जाहिराती येतात. निळं पाणी, पांढरं शीड, होडीच्या नाळेवर बसलेली दोघं. हे चित्र खोटं नाही. एरिक आणि सुझन हिस्कॉक हे इंग्रज जोडपं १९५२ मध्ये ‘वाँडरर थ्री’ नावाच्या अवघ्या तीस फुटी शिडाच्या होडीतून निघालं आणि १९५५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं. लिन आणि लॅरी पार्डी यांची ‘सेराफिन’ तर त्याहून लहान, चोवीस फुटांची, आणि तिला इंजिनच नव्हतं. वारा पडला की थांबायचं आणि आला की निघायचं, असं करत त्या दोघांनी अख्खं जग पाहिलं. दोन माणसं, एक होडी आणि मध्ये पळून जायला जागा नाही. संसाराची एवढी कडक परीक्षा दुसरी नसेल, आणि म्हणूनच या कहाण्या मला कायम ओढ लावत आल्या.

आमच्या घरात शिडाचा संबंध शून्य. मी पाथर्डीकडची, आणि आमच्या ह्यांचं गाव शेवगाव तालुक्यात. आम्हा दोघांचंही बालपण टँकरच्या रांगेत गेलं. ‘पाण्यावरची सुट्टी’ हे शब्द आमच्या गावी कुणी उच्चारले असते, तर आधी पाणी कुठलं हाच प्रश्न आला असता. तरीही गेल्या कार्तिकात आम्ही ठरवलं की जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकता पाण्यावर सुट्टी घालवायची. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा जिथे पहिल्यांदा अडवली जाते तिथे होडीत बसायचं, आणि ती जिथे गोदावरीला मिळून नाथसागरात पसरते तिथे पुन्हा होडीत बसायचं. मधला दोनेकशे किलोमीटरचा प्रवास गाडीने.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण शंभरीला आलं आहे. काम सुरू झालं १९१० मध्ये आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटर, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. हा शेवटचा आकडा प्रवरेकाठच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, कारण त्याचं आवर्तन, त्याचा ऊस आणि त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीखही त्यावर ठरत आली आहे. १५ ऑगस्टच्या आसपास धरण भरणार हा खालच्या भागाचा जुना हिशोब. घाटघर आणि रतनवाडीला पाऊस कोसळायला लागला की श्रीरामपुरात चहाच्या टपरीवर ‘आवक किती’ ही चर्चा सुरू होते.

शेंडी गावाजवळून आम्ही सकाळी होडी घेतली. पाण्यावर धुकं होतं, वारा अजिबात नव्हता. समोर कळसूबाईची रांग, १,६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि दुसऱ्या अंगाला रतनगड, त्याच्या माथ्यावरचं नेढं उजेड वाढत गेला तसं दिसायला लागलं. होडी फायबरची, मागे छोटं इंजिन. शीड कुठे नाहीच. नावाड्याला मी विचारलं, तर त्याचं म्हणणं असं की इथला वारा विश्वासाचा नाही. घाटमाथ्यावरून, कोकणकड्याच्या बाजूने तो कधी सरळ येतो, कधी डोंगराला आपटून उलटा फिरतो. दरीतल्या पाण्यावर शीड उभारणाऱ्याला हे वळण कळलं नाही तर होडी कलंडायला क्षण पुरतो. समुद्रावर वारा निदान एका दिशेने वाहतो. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. तिला तिरकं जावं लागतं, एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने, नागमोडी. त्यासाठी वाऱ्याची दिशा टिकून राहायला हवी. डोंगरांच्या कोंडीत ती टिकत नाही.

जीवरक्षक जाकिटं होती. माझ्या जाकिटाचं एक बक्कल तुटलेलं होतं आणि त्या जागी सुतळी बांधली होती. ह्यांनी ते पाहिलं, सुतळी ओढून बघितली आणि स्वतःचं जाकीट काढून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, “अहो, तुम्हाला तरी कुठं पोहता येतं?” मग आम्ही दोघांनी नावाड्याला थांबवलं. तो काही न बोलता परत वळला आणि काठावरून दुसरं जाकीट घेऊन आला. दहा मिनिटं गेली. ही दहा मिनिटं मागायला लाज वाटू नये, म्हणून हे सगळं लिहिते आहे. २०२४ च्या मे महिन्यात याच प्रवरेत, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ, बुडालेल्यांचा शोध घ्यायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. पाण्यात उतरण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं होती ती. त्याच आठवड्यात उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळात सापडली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं. खाली जुन्या ओढ्यांची पात्रं, बांध, झाडांची खोडं, सोडलेल्या आवर्तनाची ओढ असं बरंच काही चालू असतं.

रतनवाडीला उतरून अमृतेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेलो. काळ्या दगडाचं हे देऊळ हजारेक वर्षांपूर्वीचं, शिलाहारकाळातलं मानलं जातं. शेजारी पुष्करणी आणि तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. आम्ही गेलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं, पण दगडाला ओल होती आणि खांबावरच्या नक्षीत शेवाळ्याची हिरवी रेघ पावसाळ्यातल्या पाण्याची उंची दाखवत होती. खांबाला हात लावून ह्यांनी ती उंची माझ्या खांद्याशी मोजली. एवढं पाणी असतानाही पुजारी आत उतरत असतील का, यावर आमचं परतीच्या वाटेपर्यंत बोलणं चाललं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नव्या गोष्टीवर इतका वेळ बोलणं होतं, हा त्या सुट्टीतला मोठा लाभ.

हा सगळा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. धरणाने खालचा नगर जिल्हा बागायती केला. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या मुळाशी हेच पाणी होतं. पण ज्यांच्या दरीत ते साठलं त्यांच्या वाट्याला त्या बागायतीतलं फार थोडं आलं. आज त्याच वाड्यांमधली मुलं तंबू टाकतात, पिठलं-भाकरी करून घालतात, काजव्यांच्या हंगामात वाटा दाखवतात आणि होड्या चालवतात. पर्यटनातला हा पैसा त्यांचा हक्काचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरातून आलेल्या ठेकेदाराकडे नोंदणी करण्यापेक्षा वाडीतल्या घरी फोन करा. जेवण चांगलं मिळतंच, शिवाय वाऱ्याची खरी माहितीही त्यांच्याकडेच असते.

अकोले, संगमनेर, श्रीरामपूरचा टप्पा भराभर मागे पडला. ओझरच्या बंधाऱ्यावर प्रवरेचे दोन्ही कालवे फुटतात, तिथे थोडं थांबलो. नेवाशात पैस खांबाचं दर्शन घेतलं. ज्ञानेश्वरी इथे, याच नदीच्या काठी, शके १२१२ मध्ये सांगितली गेली. त्या खांबापाशी बसलं की आवाज आपोआप खाली येतो. पुढे प्रवरासंगम. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारे हजारो लोक रोज पुलावरून इकडेतिकडे न पाहता जातात. पुलाखाली प्रवरा गोदावरीला मिळते, काठावर टोक्याचं सिद्धेश्वराचं देखणं देऊळ आहे आणि समोर कायगाव. संगमाचं पाणी मोकळं वाहत नाही. तिथपर्यंत नाथसागराचा फुगवटा येतो आणि नदी थबकते.

हा नाथसागर ज्या धरणाने झाला, त्या जायकवाडीची हकिगत विलक्षण आहे. धरण मुळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून शंभरेक किलोमीटर वर पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणपसारा. जलाशयाला नाव दिलं ते पैठणच्या एकनाथ महाराजांचं. पसारा मोठा पण खोली कमी, म्हणून पाण्याची पातळी थोडी जरी उतरली तरी किनारा कोसभर मागे सरकतो.

या पाण्याखाली शंभराहून अधिक गावं गेली. पैठण, गंगापूर, नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतली. ह्यांच्या मावशीचं सासर त्यातलंच एक. त्या गावात काळी कसदार जमीन होती, गोदाकाठची, विहिरीला बारमाही पाणी. लोकांना नवी गावठाणं मिळाली, काहींना मुरमाड जमिनी मिळाल्या, काहींचे मोबदल्याचे कागद पुढच्या पिढीच्या हातात आले. नाथसागरातली बेटं निसर्गाने मुद्दाम घडवलेली नाहीत. त्या गावांच्या शिवारातल्या उंच टेकाडांची, पांढरीच्या जागांची, माळांची ती टोकं आहेत. भरतीच्या वर्षी ती बेटं असतात आणि दुष्काळात पुन्हा जमिनीला जोडली जातात. पाणी फार उतरलं की जुन्या विहिरींची कडी दिसतात, देवळांचे चौथरे वर येतात, आणि म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन आपलं घर कुठे होतं ते दाखवायला येतात. ह्यांनी मावशीबरोबर लहानपणी असं एकदा पाहिलं होतं. होडीतून जाताना ते बराच वेळ गप्प होते आणि मग पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, “इथंच कुठंतरी मारुती असेल.”

मोठी शिडाची होडी सोडाच, इथे सहलीची बोटही सहज मिळत नाही. जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे वनखात्याच्या नियमांत राहूनच पाण्यावर जावं लागतं, आणि ते योग्यच आहे. आम्हाला ओळखीतून एका मासेमारी करणाऱ्या कुटुंबाची पत्र्याची होडी मिळाली. पण त्या सकाळी आमचं लक्ष वेधलं ते शेजारून चाललेल्या एका तराफ्याने. थर्माकोलच्या जाड लाद्या पोत्यात भरून, दोरीने आवळून बांधलेला, जेमतेम दोन माणसं बसतील एवढा. पुढे बाई मांडी घालून बसली होती आणि फळीच्या आखूड तुकड्याने वल्हवत होती. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पाण्याचा आवाजही न करता. मागे तिचा नवरा गुडघ्यावर बसून रात्री टाकलेलं जाळं हाताहाताने वर घेत होता. मासा अडकलेला असला की तो थांबे, आणि तो थांबला की मागे वळून न बघता बाईचं वल्हं थांबे. जाळ्यातून चिलापी, एखादा कटला, मध्येच वाम निघत होती. चिलापीच्या काट्याने बोट चिरतं, म्हणून त्याने अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. आम्ही हात केला, त्यांनीही केला. दोघांत एक शब्द बोलला गेलेला आम्ही ऐकला नाही.

हिस्कॉक आणि पार्डी यांच्याबद्दल जे वाचलं होतं, ते सगळं त्या तराफ्यावर होतं. वाऱ्याचा अंदाज, एकमेकांच्या हालचालीचा अंदाज, आणि चूक झाली तर वाचवायला तिसरं कुणी नाही ही जाणीव. त्यांच्या अंगात जाकीट मात्र नव्हतं.

हिवाळ्यात नाथसागरावर येणाऱ्या पाहुण्यांत रोहित असतात, पट्टकादंब हंस असतात, आणि जोडीजोडीने फिरणारी चक्रवाकं. नारिंगी-तपकिरी अंगाची ही बदकं उत्तरेकडून, हिमालयापलीकडूनही येतात. संस्कृत काव्यात चक्रवाकाची जोडी रात्री विरहात असते, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालत. आम्हाला दिसलेली जोडी एका बेटाच्या चिखलात शेजारी उभी होती. होडी जवळ गेल्यावर आधी मादी उडाली, लगेच नर. नावाड्याने तिथेच होडी थांबवली. याहून जवळ गेलं तर ती पलीकडच्या काठाला जातील आणि दिवसभर चरायची नाहीत, असं त्याने सांगितलं. दुर्बीण असेल तर दुरूनच बघा. पक्षी बघायला यायचं आणि त्यांनाच हुसकायचं, हे पाप आहे.

या पाण्याला भांडणंही आहेत. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल, तर समन्यायी वाटपाच्या सूत्राने वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. वरची धरणं म्हणजे नाशिकची आणि आमची भंडारदरा, निळवंडे, मुळा. त्या काळात नगरचा शेतकरी आणि मराठवाड्याचा शेतकरी एकमेकांकडे संशयाने बघतात, मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात. आम्ही रतनवाडीला ज्या पाण्यावर तरंगलो तेच पाणी अशा वर्षी हिशोब करून नाथसागरात येतं. धरणाच्या दोन्ही बाजूंना आमची नातीगोती आहेत, आणि मला दोन्हींची तहान खरी वाटते. त्यात आता तरंगत्या सौरप्रकल्पाची भर पडली आहे. नाथसागरावर १,२०० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित झाला, मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाच्या समितीने हरकत घेतली आणि प्रकरण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वीज हवी हे मान्य. पण जे लोक एकदा गाव देऊन बसले किंवा जे त्याच पाण्यावर पोट भरायला शिकले, त्यांना विचारल्याशिवाय या जलाशयावर काहीही येऊ नये, मग ती सौर पॅनेल असोत की पर्यटकांच्या बोटी.

शिडाचा हट्ट मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. कोकणात डोलकाठीवर परबाण, म्हणजे शिडाचा वासा, चढवून शीड ताणणारे तांडेल आता थोडे उरले असले, तरी विद्या संपलेली नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी परत आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी महिलांनी ‘तारिणी’तून २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ अशी दोघींचीच प्रदक्षिणा पूर्ण केली. मुंबईच्या बंदरात शिडाची होडी शिकवणाऱ्या संस्था आहेत. नाथसागरासारख्या उघड्या, डोंगरांची कोंडी नसलेल्या पाण्यावर शीड शिकता येईल, असं होडीत बसल्या बसल्याच वाटत होतं. इंजिनाचा धूर नाही, आवाज नाही, पक्ष्यांना त्रास कमी. शेवगाव-नेवाशाच्या धरणग्रस्तांची मुलं ते शिकली आणि वनखात्याने पक्ष्यांच्या जागा वगळून ठरावीक पट्टा आखून दिला, तर दोघांना घेऊन जाणारी शिडाची होडी इथेही निघू शकेल. २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे, नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी त्यात आहेत. फक्त त्या तालुक्याच्या पाण्यापर्यंत पोचायला हव्यात.

तोवर ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच. दिवाळी ते जानेवारीअखेर चांगल्या पावसाच्या वर्षी दोन्ही जलाशय भरलेले असतात आणि हवा निवळ असते, तेव्हा जा. भंडारदऱ्याला सकाळची होडी घ्या, दुपारनंतर वारा उठतो. नाथसागराला वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि होडी तिथल्याच माणसाची घ्या. जाकिटाची बक्कलं स्वतः ओढून बघा, आणि नावाड्यालाही जाकीट घालायला लावा. फेब्रुवारीनंतर बेटांवर उतरू नका. पाणी उतरलं की उघड्या वाळूवर सुरय पक्षी अंडी घालतात, आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.